जाळीच्या अलीकडे

रात्रपाळी सुटतेय आणि पहिली पाळी आत शिरतेय. चाकण एमआयडीसीत, खराबवाडीच्या अंगाला असलेल्या या शेडच्या फाटकात दोन्ही पाळ्यांची माणसं एकमेकांना वाट देत चालली आहेत. आत येणाऱ्यांचे निळे शर्ट अजून स्वच्छ आहेत, बाहेर पडणाऱ्यांच्या कॉलरवर काळपट रेघ उमटलीय. पत्र्याच्या छपराखाली, जाळीच्या आत, सहा सांध्यांचा पिवळा रोबोट मात्र रात्री होता तिथेच आहे. पाळी बदलण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याची वेल्डिंगची टॉर्च खाली झुकते, निळा उजेड भगभगतो, आठ-दहा सेकंदांत विझतो, टॉर्च वर उठून पुढच्या जोडाकडे वळते.

इथे दुचाकीचे स्विंगआर्म बनतात. मागचं चाक ज्याच्या आधाराने चेसीला धरलेलं असतं, तो नळ्या आणि पत्र्याच्या ब्रॅकेटांचा सांगाडा. पुण्याच्या रस्त्यावर खड्ड्यात गाडी आदळली की पहिला हिसका हाच खातो. इथला एखादा जोड रस्त्यात सुटला तर गाडीवरचं माणूस जमिनीवर येईल. म्हणून ज्यांच्यासाठी हे काम चालतं ती मोठी कंपनी वेल्डिंगच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. असे जोड रोबोटनेच मारलेले हवेत, हा तिचा आग्रह आहे. सकाळच्या पहिल्या नगाला जसा जोड, तसाच पाळीच्या शेवटच्या नगाला. माणसाचा हात दुपारी चारला थकतो, रोबोटचा थकत नाही. हे खरं आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मी जाळीच्या अलीकडे उभा आहे. माझ्यासमोर फिरतं टेबल आहे, त्याला दोन बाजू. पलीकडच्या बाजूला रोबोट वेल्डिंग करतोय, अलीकडच्या बाजूला उमरग्याकडचा एक पोरगा पुढचा नग लावतोय. दोन नळ्या, एक बुश, चार ब्रॅकेट. प्रत्येकाची फिक्चरमध्ये ठरलेली जागा. नळी पिनवर बसते, क्लॅम्प खट्कन पडतो. ब्रॅकेट, क्लॅम्प. बुश, क्लॅम्प. मग तो एक पाऊल मागे येतो आणि दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबतो. एका हाताने चालू होणार नाही अशीच रचना आहे, दुसरा हात टेबलाखाली अडकू नये म्हणून. टेबल घूं करत अर्धा फेरा घेतं, वेल्ड झालेला गरम नग त्याच्यासमोर येतो, थंडगार नग पलीकडे जातो. तो गरम नग चिमट्याने उचलतो, स्टँडवर टाकतो, आणि पुन्हा नळी.

टेबल फिरतं तेवढ्यात त्याने बाटली तोंडाला लावलीय. एक घोट घेतो, टेबल थांबायच्या आत बाटली खाली.

जाळीच्या खांबावर लाल-पिवळा-हिरवा दिवा आहे. रोबोटचं काम चालू असलं की हिरवा. त्याचं काम संपलं आणि पोराचा नग अजून लावून झालेला नसला की पिवळा. पिवळा किती सेकंद लागला ते आतल्या केबिनमधल्या स्क्रीनवर जमा होतं, आणि पाळी संपताना त्याची बेरीज पोराच्या नावापुढे लिहिली जाते. रोबोट पोरासाठी थांबला तर त्याची अशी नोंद होते. पोरगा रोबोटसाठी थांबला, म्हणजे त्याने भराभर हात चालवून चार सेकंद वाचवले, तर त्याची नोंद कुठेच नाही. तास-दीड तास मी हे पाहतोय आणि मला दिसतंय ते असं: यंत्राने माणसाचं काम घेतलं एवढ्यावर गोष्ट संपलेली नाही. यंत्राच्या दोन कामांच्या मधली जी फट उरलीय, तिच्यात माणूस बसवलाय. अवघड काम जाळीच्या आत गेलं, आणि बाहेर उरलं ते उचलणं, लावणं, दाबणं.

पोराने आयटीआय केलंय, वेल्डर ट्रेडमधूनच. मी विचारतो, वेल्डिंग करतोस का इथे? नळी पिनवर बसवता बसवताच तो म्हणतो, “नाही सर. लोडिंगला आहे. कंत्राटदाराकडून.”

रोबोटवर राग धरावा असं मात्र मला वाटत नाही, आणि त्याचं कारण माझ्या शेजारी येऊन उभं राहिलंय. सगळी शेड त्यांना मामा म्हणते. पारनेरकडचे. ऐंशीच्या दशकात भोसरीत हेल्पर म्हणून लागले, पुढे वेल्डर झाले, रोबोट आल्यावर रोबोट शिकले. शर्टाच्या बाह्या वर केल्यात आणि मनगटापासून कोपरापर्यंत पांढुरके ठिपके आहेत, शेकडो. वितळलेल्या लोखंडाचे छर्रे जिथे जिथे बसले तिथे तिथे कातडी परत आली ती या रंगाची. सुरुवातीच्या काळात काच धड नसायची, डोळ्यांत आर्क लागायचा. रात्री वाळू भरल्यासारखे डोळे टोचायचे, बटाट्याच्या चकत्या ठेवून उताणं पडायचं, सकाळी पुन्हा कामावर. आणि धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केली. मामांच्या बरोबरीच्या वेल्डरांनी तो तोपर्यंत तीस-तीस वर्षं छातीत घेतलेला होता.

“धूर त्याने खावा,” मामा जाळीकडे बोट दाखवतात. “माझी काय हरकत आहे? मी पुष्कळ खाल्ला.”

रोबोट कारखान्यात आला तोच असल्या कामासाठी. १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट नावाचा पहिला औद्योगिक रोबोट बसला, तेव्हा त्याला साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलायला लावलं होतं. आजही जिथे माणूस उभा राहूच नये अशा जागा आपल्याकडे भरपूर आहेत. तिरुवनंतपुरमच्या तरुण अभियंत्यांनी केलेला बँडिकूट नावाचा रोबोट २०१८ पासून मॅनहोलमध्ये उतरून गाळ काढतो. माणसाला संरक्षणाशिवाय गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी गटारात गुदमरून माणसं मरतातच. तिथे यंत्र आजच्या आज यायला हवं, आणि ज्याला कालपर्यंत खाली उतरवलं त्यालाच वर उभं करून ते चालवायला शिकवायला हवं.

मामा बोलता बोलता गप्प होतात. मान थोडी तिरकी करतात. मला काही वेगळं जाणवत नाही. कॉम्प्रेसर, प्रेसचा धप्प धप्प आवाज, फोर्कलिफ्टचा भोंगा, त्या सगळ्यात वेल्डिंगचा आवाज मला एकच वाटतो. मामांना तो वेगळा ऐकू येतो. जोड नीट लागत असला की कढईत भजी तळतात तसा सलग आवाज येतो, असं त्यांनी मघाशी सांगितलं होतं. आता तो तिसऱ्या जोडाला मध्येच तुटतोय, फट् फट् करतोय.

“थांबव रे.”

पोरगा बटण दाबतो. दिवा लाल. मामा आत्ताच बाहेर आलेला नग उचलतात आणि ब्रॅकेटच्या कडेला बोट धरून दाखवतात. जोडाच्या रेघेत तांदळाच्या दाण्याएवढं भोक आहे. आणखी एक, बारीक.

मग ते जाळीच्या दाराकडे जातात. दाराला इंटरलॉकची चावी आहे. ती काढल्याशिवाय दार उघडत नाही आणि ती काढली की रोबोट आपोआप चालू होत नाही. मामा चावी काढून खिशात टाकतात आणि खिशाचं बटण लावतात. हे त्यांनी इतक्या सवयीने केलं की माझ्या लक्षात उशिरा आलं. २०१५ मध्ये मानेसरच्या एका कारखान्यात चोवीस वर्षांचा कामगार असाच रोबोटच्या हद्दीत गेला होता, जिवंत परत आला नाही. आत माणूस आहे की लोखंडाचा तुकडा, हे असल्या रोबोटला कळत नाही. त्याला शिकवलेल्या जागी तो शिकवलेल्या वेगाने जातो. म्हणून खिशाचं ते बटण.

आत मामा फिक्चरवर वाकलेत. ब्रॅकेट जिथे टेकतं त्या चौकोनी पॅडवरून अंगठा फिरवतात. पुन्हा फिरवतात. मग छिन्नी मागतात आणि दोन हलके टोले देतात. करडईच्या बीएवढा, गोठलेल्या लोखंडाचा एक गोळा उडून खाली पडतो. रात्री कधीतरी छर्रा उडून पॅडवर चिकटला. त्यावर ब्रॅकेट टेकलं, एका बाजूने उचललं गेलं, नळी आणि ब्रॅकेटमध्ये फट पडली. रोबोट केसाच्या जाडीचाही फरक न करता आपल्या जागी आला आणि त्याने त्या फटीवर वेल्डिंग केलं. फट हेरणारे सेन्सर बाजारात मिळतात, इथल्या रोबोटला ते नाहीत. इथे मामांचा कान आहे.

तारेच्या ब्रशने पॅड घासून, दार लावून, चावी परत जागेवर. हिरवा दिवा. मामा दोन नग शांतपणे ऐकतात. सुरुवातीपासून सलग तळणं. रात्रीच्या स्टँडवरचे किती नग तपासायचे याचा हिशेब ते सुपरवायझरला सांगतात, आणि तो आकडा ऐकून सुपरवायझरचा चेहरा उतरतो.

सुपरवायझर भला माणूस आहे. चहाच्या वेळी तो मला मोकळेपणाने सांगतो की वेल्डर मिळत नाहीत. चांगला वेल्डर तयार झाला की आखाती देशात जातो, नाहीतर स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान टाकतो. वरून गिऱ्हाईक दरवर्षी किंमत उतरवायला लावतं. रोबोट घेतला नसता तर हे काम शेजारच्या शेडने नेलं असतं. त्याचं बोलणं खोटं नाही. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या मोजणीनुसार २०२३ या एका वर्षात भारतातल्या कारखान्यांत ८,५१० रोबोट बसले, आदल्या वर्षीपेक्षा निम्म्याहून जास्त वाढ. आणि तरी जगात त्या वर्षी बसलेल्या सुमारे ५ लाख ४१ हजारांत हा आकडा किरकोळच आहे. निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये बसले. दक्षिण कोरियात दर दहा हजार कामगारांमागे हजारावर रोबोट आहेत. तेव्हा रोबोट येऊ द्यावेत का, हा प्रश्न चाकणपुरता तरी मिटलेला आहे. ते आलेत. ते आल्यावर या शेडमधलं ज्ञान कुणाकडे राहणार आणि त्याचा पगार कुणाला मिळणार, हा प्रश्न शिल्लक आहे, आणि तो केबिनमधल्या कुठल्याही स्क्रीनवर दिसत नाही.

जेवणानंतर दुसऱ्या जाळीत काम निघतं. नवीन मॉडेलचं जाड ब्रॅकेट आलंय, त्याचा प्रोग्रॅम करायचाय. तो अंबाजोगाईची एक मुलगी करतेय. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, इथे येऊन वर्ष व्हायचंय. तिच्या डाव्या हातात टीच पेंडंट आहे, केबलने रोबोटला जोडलेला जाड पाटीसारखा कंट्रोल. त्याच्या मागे बोटांखाली एक दांडी आहे. ती हलकी दाबून धरली तरच रोबोट हलतो. सोडली तर थांबतो, आणि घाबरून गच्च आवळली तरी थांबतो. माणूस घाबरला की एकतर सोडतो नाहीतर आवळतो, हे ज्याने ओळखून ही दांडी केली त्याला माणूस कळला होता.

ती रोबोटला मुंगीच्या चालीने पुढे नेते. तारेचं टोक नळी आणि ब्रॅकेटच्या कोपऱ्यात आणते, खाली बसून एका डोळ्याने बघते, दोन बटणं दाबून आणखी जरा खाली, आणि जागा नोंदवते. पुढचा बिंदू. तिथे टॉर्चचा कोन बदलते. तिचा हात पेंडंटवर इतका सराईत चालतो की मामाही कौतुकाने बघतात. पेंडंटमधले अर्धे मेनू मला कळत नाहीत, असं ते स्वतःच तिला म्हणतात.

प्रोग्रॅम चालतो. जोड सुरेख दिसतो. लहान लहान खवल्यांची एकसारखी रेघ, कुठे उंचवटा नाही, भोक नाही. तिला आनंद झालाय.

“कापून आण,” मामा म्हणतात.

टूलरूममधून नग कापून, घासून, आम्ल लावून येतो. आम्ल लावलं की कापलेल्या तोंडावर वितळलेला भाग वेगळ्या छटेत उठून दिसतो. मामा तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरतात आणि मला जवळ बोलावतात. नळीच्या बाजूला वितळ छान आत शिरलीय. ब्रॅकेटच्या जाड बाजूला ती नुसती टेकून राहिलीय, कडेची मूळ सरळ रेघ जशीच्या तशी दिसते. लोखंडाने लोखंडाला धरलेलंच नाही.

“वरून झकास,” मामा म्हणतात, “आत पकड नाही. जाड बाजूला उष्णता पळते पोरी, म्हणून टॉर्चचं तोंड जाड बाजूकडे जास्त. किती, ते पुस्तकात नाही सापडणार. चल.”

शेडच्या कोपऱ्यात, पडद्यामागे, हाताने वेल्डिंग करायची जुनी जागा आहे. दुरुस्तीचे नग इथे येतात. मामा भंगारातून जाड पट्टी आणि नळीचा तुकडा काढतात, तिला हातमोजे देतात, हेल्मेट देतात आणि टॉर्च हातात ठेवतात. मलाही काळ्या काचेची एक पाटी मिळते.

काचेतून आधी निव्वळ काळोख. मग आर्क पेटतो आणि त्या काळोखात हिरवट, वितळलेलं लोखंड दिसायला लागतं. इतका वेळ मी नुसती भगभग पाहत होतो, आता त्या भगभगीच्या पोटात काय चाललंय ते दिसतंय. वाटाण्याएवढं तळं थरथरत पुढे सरकतंय. तिच्या हातात ते तळं नळीच्या बाजूला ओघळतं. मामांचा हात तिच्या हातावर येतो, मनगट किंचित वळतं, तळं जाड पट्टीच्या कडेवर चढतं, कड खातं आणि मग नळीकडे परत येतं.

“दिसलं? कड खाल्ली की मग पुढे जायचं. ते खाल्ल्याशिवाय हलायचं नाही.”

“दिसलं मामा.”

तिने पुन्हा केलं. वाकडंतिकडं झालं, पण कड खाल्ली. आणखी एकदा. तिच्या बाहीवर एक छर्रा बसला, ती दचकली, हात हलला. मामा हसले नाहीत. बाही खाली कर म्हणाले. मग ती रोबोटकडे गेली आणि टॉर्चचा कोन बदलून, जाड बाजूला थोडं रेंगाळायला लावून पुन्हा प्रोग्रॅम चालवला. आता पुन्हा कापून बघतायत. या खेपेला दोन्ही बाजू धरल्यात.

आता हा प्रोग्रॅम सेव्ह होईल. त्याला नाव पडेल, आकडा पडेल, आणि या मॉडेलचं काम असेपर्यंत दर पाळीला तो चालेल. मामांच्या मनगटाचं ते वळण त्यात आहे. त्यासाठी मामांना वेगळा पैसा मिळत नाही, कुठे नाव लागत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते सुपरवायझरला बोलून दाखवतो. हाताखालून शिकून वर आलेल्या माणसाचं कसब यंत्रात उतरवून घ्यायचं, तर त्या कसबाचं मोल यंत्राच्या किमतीतच धरायला हवं. आणि जाळीबाहेर नग लावणाऱ्या त्या आयटीआयच्या वेल्डरला दिवसाचा एखादा तास तरी या पडद्यामागे आणायला हवं, नाहीतर पुढचे मामा येणार कुठून? पुढच्या वेळी छर्रा अडकेल तेव्हा आवाज ऐकणार कोण?

सुपरवायझर ऐकून घेतो. मग जरा अवघडून सांगतो की पुढच्या महिन्यात तिसरा रोबोट येतोय आणि जागा फक्त याच कोपऱ्यात आहे. हातवेल्डिंगची जागा काढावी लागेल. काढणार म्हणजे बंद नाही, भंगाराच्या पिंपांशेजारी मागच्या भिंतीला नेऊ. मी तिकडे बघतो. तिथे वर पंखाही नाही, धूर जाणार कुठे?

मामांना हे आधीच ठाऊक असावं. ते मेजरटेप घेऊन भिंतीपाशी पोचलेतसुद्धा. टेपचं एक टोक उमरग्याच्या पोराच्या हातात आहे. दुसरी पाळी आत येतेय, त्याची सुट्टी झालीय, तरी तो थांबलाय. मामा भिंतीवर खडूने रेघ मारतात. भंगाराची पिंपं कितपत सरकवता येतील ते पायाने ढकलून बघतात.

“साहेब, लिहून घ्या,” ते सुपरवायझरला म्हणतात. “धूर ओढायचा पंखा, इथे वर. गॅसची लाईन इथपर्यंत. अर्थिंग नवीन पाहिजे. लाईट दोन. टेबल जुनंच चालेल. हेल्मेटं दोन.”

“दोन कशाला मामा? माणूस एकच असणार ना इथे.”

“दोन,” मामा म्हणतात. “एक करणाऱ्याला, एक बघणाऱ्याला. काचेशिवाय काय दिसणार त्याला?”

सुपरवायझर वहीत लिहितो. पोरगा टेपचं टोक आणखी हातभर पुढे नेतो आणि विचारतो, मामा, एवढं पुरेल का?